सहा वाजून चार मिनिटं

"यंत्र फुटलं तर फुटलं, त्याच्या घरी कोणी वाट पाहत नसतं," हे वाक्य पिंकीनं सकाळी साडेसातला, वेणी घालता घालता, आरशाकडे बघून म्हटलं आणि संघपालच्या हातातला कप बशीवर ठेवताना वाजला. आवाज मोठा नव्हता. ओट्यापाशी पोळ्या लाटणाऱ्या त्याच्या बायकोला, सत्यशीलाला, तो ऐकूही गेला नाही. संघपालनं कप उचलला, पुन्हा ठेवला, मग नखानं त्याच्या काठावर टिचकी मारली. कप धड आहे की तडकलेला, हे त्याला कळलं नाही. एक वर्षापूर्वी कळलं असतं. त्यानं दुसऱ्यांदा टिचकी मारली, मग तिसऱ्यांदा, तेव्हा पिंकी आरशातूनच त्याला म्हणाली, "बाबा, ऐकून राह्यले ना?" तो हो म्हणाला. आज तेवीस ऑगस्ट, शुक्रवार. मागच्या वर्षी याच तारखेला आपलं यान चंद्रावर उतरलं होतं, म्हणून हा दिवस आता देशभर अंतराळ दिवस म्हणून पाळायचा होता, आणि नववीतून भाषणासाठी पिंकीची निवड झाली होती. विषय बाईंनीच दिला होता: माणसाच्या आधी चंद्रावर कोण उतरलं? दोन फुलस्केप पानं भरून तिनं लिहिलं होतं. साठ वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांना खात्री नव्हती की चंद्रावरची जमीन पाय ठेवला तर धरील की नाही. कोणी म्हणत होतं, तिथं कित्येक मीटर नुसती धूळ आहे, यान उतरलं की गडप होईल. म्हणून आधी रिकामी यंत्रं पाठवली. एकोणीसशे सहासष्टच्या फेब्रुवारीत रशियाचं एक गोल यंत्र उतरलं आणि बुडालं नाही. जूनमध्ये अमेरिकेचं तीन पायांचं उतरलं, त्याचे पाय थोडेच रुतले. मग एकाला फावडं लावून पाठवलं, त्यानं जमीन खणून पाहिली. अमेरिकेनं अशी सात पाठवली. "सांगा, सातपैकी किती वाया गेली?" "दोन." "अन् त्यात माणसं किती होती?" "एकबी नाई." "बरोबर. मंग ते वाक्य. यंत्र फुटलं तर फुटलं. इथी टाळ्या येतीन, बाई म्हणल्या." त्या वाक्याखाली लाल पेनाची रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, छान.

संघपाल कोळशाच्या खाणीत सरदार होता. बाहेरच्या माणसाला हा शब्द सांगितला की तो हसतो, पण खाणीत सरदार म्हणजे परीक्षा पास होऊन, प्रमाणपत्र घेऊन, सगळ्यांच्या आधी एकट्यानं आत जाणारा माणूस. त्याच्याकडे एक दिवा असतो, वायू ओळखायचा दुसरा दिवा असतो, लोखंडी टोकाची काठी असते आणि खिशात खडू. काठीनं तो छत ठोकतो. डाव्या हाताचा पंजा छताला टेकवून उजव्या हातानं ठोकायचं, म्हणजे कानाला कळलं नाही ते तळव्याला कळतं. घट्ट छत टणकन वाजतं. आतून सुटलेलं छत ढबढब वाजतं, कधी कधी इतक्या बारीक फरकानं की तो फरक सांगता येत नाही, फक्त ओळखता येतो. ठोकून झालं की शेजारच्या भिंतीवर खडूनं तारीख आणि सही. मग मागं यायचं आणि थांबलेल्या माणसांना सांगायचं, जाऊ द्या. तोवर कोणी छत धरणाऱ्या टेकूंच्या शेवटच्या रांगेपुढं पाऊल टाकायचं नाही. त्याला हे जुन्या सरदारानं, जंगूमामांनी, शिकवलं होतं. ते तेव्हा निवृत्तीला आले होते. पहिला महिनाभर त्यांनी त्याला छताला हात लावू दिला नाही. दर रविवारी वरोऱ्याच्या बाजारात माठवालीपुढं उभं करायचे आणि डोळे मिटून माठ ठोकायला लावायचे. चाळीस माठांतून तडकलेला काढायचा. माठवाली ओरडायची, "घ्याचा हाय का नुसता वाजवाचा हाय?" जंगूमामा म्हणायचे, "वाजवू दे बाई, याच्या कानाखाली पन्नास माणसं जाणार हायत." चौथ्या रविवारी त्यानं तीन माठ बाजूला काढले. माठवालीनं पाणी भरून पाहिलं, तिन्ही गळले. त्या दिवशी जंगूमामांनी स्वतःच्या पैशानं एक धड माठ विकत घेऊन त्याला दिला. तो माठ अजून घरात होता. त्यालाही तो हल्ली ठोकून पाहत असे. माठ, भिंत, ताट, दाराची चौकट, एकदा भाजीवाल्याकडचं कलिंगड. सत्यशीला म्हणायची, "घर ठोकून काऊन राह्यले? पडते का काय?" तो म्हणायचा, सवय. ती त्याच्याकडे थोडा वेळ बघायची आणि कामाला लागायची.

सत्यशीलाला त्यानं सांगितलं नव्हतं. रविवारी विहारात दोघं जात, पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी त्याला खोकला येई. आधी एकदा खरंच आला होता, कोळशाच्या धुळीचा. नंतर तो आणावा लागू लागला. खोटं बोलणार नाही, एवढंच तर ते शील. शेजारचे लोक सरकून पंख्याखाली जागा देत. सत्यशीला म्हणे, डॉक्टरला दाखवा. आता पिंकीनं दुसरं पान उलटलं आणि शेवट वाचून दाखवला. मागच्या वर्षी उतरलेलं आपलं यान चौदा दिवस चाललं, मग तिथं रात्र झाली, थंडी पडली, म्हणून त्याला झोपवलं. परत ऊन आल्यावर त्याला हाका घातल्या, दिवसेंदिवस घातल्या. उत्तर आलं नाही. "शेवट उदास वाटते का बाबा? काढून टाकू?" संघपाल म्हणाला, "नको काढू." "पण मंग टाळ्या नाई येणार." "नाई आल्या तर नाई." त्याचा आवाज थोडा चढला असावा, कारण पिंकीनं वेणीची रिबीन हातातच धरून त्याच्याकडे वळून पाहिलं, आणि सत्यशीलानं लाटणं थांबवलं. तो उठून मागच्या अंगणात गेला. तारेवर वाळणाऱ्या कपड्यांवर रोजच्यासारखी राखेची बारीक पूड बसली होती. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांकडून वारा होता. त्यानं एक टॉवेल झटकला, पुन्हा झटकला. त्याच्या घरी कोणी वाट पाहत नसतं. त्याच्या टोळीतल्या लहानूच्या घरी पाहत होते. रात्री साडेबाराला तो येतो म्हणून त्याची बायको कुंता जेवण झाकून ठेवत असे आणि स्वतः जेवत नसे.

गेल्या वर्षीचा तेवीस ऑगस्ट बुधवार होता. हा दिवस संघपालनं इतक्या वेळा तपासला होता की त्यातली मिनिटं त्याला तोंडपाठ होती, आणि तरी एक जागा रिकामी राहत होती. दुसरी पाळी, चार ते बारा. साडेपाचला चौदा नंबरच्या गल्लीच्या शेवटच्या भिंतीतला कोळसा सुरुंगानं पाडला. धूर जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोवर टेकू लावणारी टोळी, बारा माणसं, अलीकडच्या थांब्यावर बसली होती. थांबा म्हणजे दोन बाकं, पाण्याचा ड्रम, स्ट्रेचर आणि भिंतीवरचा काळा फोन, हँडल फिरवून वर बोलायचा. मोबाइल आत न्यायला बंदी, गेटवर झडती होते. वर हजेरीच्या खोलीत कोणीतरी घरचा छोटा टीव्ही आणून लावला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. कल्पना लहानूची. "सरदार, प्रफुलले म्हणा ना, फोन टीव्हीसमोर धर." संघपालनं हँडल फिरवलं. वर हजेरी घेणाऱ्या प्रफुलनं आधी का-कू केलं, "साहेब पाह्यतीन." "साहेबबी टीव्हीच पाहून राह्यले असतीन बे, धर." मग फोनमधून एका बाईचा इंग्रजी आवाज येऊ लागला, मधूनच आकडे, मधूनच खरखर. रिसीव्हर संघपालच्या कानाला होता, तो ऐकेल ते मोठ्यानं सांगायचा. लहानू जवळच उकिडवा बसला होता. तो आरमोरीकडचा, तळ्यात मासे धरणाऱ्या घरातला, खाणीत येऊन नऊ वर्षं झाली होती. तो म्हणाला, "सरदार, थे मशीन तुमचंच काम करून राह्यली. उतराच्या आधी जागा पाह्यते, दगड असन तर बाजूले सरकते." टोळीतला सगळ्यांत जुना डोमा म्हणाला, "मंग सरदाराले पाठवाचं होतं ना. खडू घेऊन गेले असते." "तिथी छत कुठी हाय?" "छत नाई म्हणून तर सस्त्यात पडलं असतं." सगळे हसले. संघपालही हसला. "डोमाभाऊ, तिले ड्यूटी किती?" "चौदा दिवस. तिथला दिवसच तेवढा." "बापा! मंग टिफिन किती न्याव लागन?"

पाच पंचावन्नला धूर निवळला होता. हे त्याला नक्की आठवतं, कारण त्यानं गल्लीच्या दिशेनं दिव्याचा झोत टाकला होता आणि झोत लांबपर्यंत गेला होता. तेव्हाच उठायला हवं होतं. पण फोनमध्ये आठशे मीटर म्हणाले. मग खाली, खाली. मग दीडशे मीटरवर यंत्र थांबलं. त्यानं सांगितलं, थांबली. "थांबली?" लहानूनं विचारलं, "काऊन थांबली?" "जागा पाहून राह्यली." बारा माणसं गप्प झाली. ड्रममध्ये वरून पाण्याचा एक-एक थेंब पडत होता तेवढाच आवाज. चार लाख किलोमीटरवरचं एक रिकामं यंत्र अधांतरी थांबून खाली बघत होतं, पाय ठेवू की नको, आणि ते ठरवीपर्यंत जमिनीखाली एकशे ऐंशी मीटरवर ही सगळी माणसं श्वास धरून बसली होती. पुढं संघपालला रात्र-रात्र याचंच नवल वाटत राहिलं. त्याची थांबून पाहायची जागा गल्लीत अठरा मीटर आत होती आणि तो मात्र दुसऱ्याच्या थांबण्यात अडकला होता. सहा वाजून चार मिनिटांनी फोनमध्ये टाळ्या वाजल्या. त्यानं रिसीव्हर हवेत उंच धरला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. तो कानाकानांतून फिरला. लहानूनं उलटा धरला, बोलायच्या बाजूनं, आणि तरी म्हणाला, "आलं आलं." पाऊस पत्र्यावर पडावा तशा त्या टाळ्या. प्रफुल वरून ओरडत होता, पेढे वाटून राह्यले, तुमच्यासाठी ठेवतो. सहा दहाला ते उठले. संघपाल पुढं आणि टोळी मागोमाग. हीच पहिली चूक, त्यानं एकट्यानं जायचं असतं. पण कोणी थांबलं नाही आणि त्यानंही थांबवलं नाही, सगळे लग्नातून निघाल्यासारखे बोलत होते. काठी त्याच्या काखेत होती. गल्लीच्या तोंडाशी त्यानं खडू काढला आणि भिंतीवर लिहिलं, २३/८, खाली सं. तोंडापासून कोळशाच्या भिंतीपर्यंत अठरा मीटर. त्यातलं शेवटचं तीन मीटर छत नवं, पाऊण तासापूर्वी उघडं पडलेलं. तिथवर तो गेला नाही. रिकामी जागा ती हीच. जायचं नाही असं त्यानं ठरवलं नव्हतं. विसरलाही नव्हता. काखेतली काठी त्याला जाणवत होती. पण हात खडूकडे गेला, आधी खडू आणि मग काठी असा, जसा माणूस घाईत आधी कुलूप लावतो आणि मग किल्ली आत राहिल्याचं पाहतो. आणि मग त्यानं लहानूच्या पाठीवर थाप मारली. "जा बे लहानू. आज पहिलं पाऊल तुझं."

लहानू हसला. स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, एक बूट उचलून हळूच ठेवून दाखवला. सगळे पुन्हा हसले. मग तो चालत गेला आणि टेकूंच्या शेवटच्या रांगेपाशी थांबला. तो थांबला होता. हे अकरा जणांपैकी कोणी चौकशीत सांगितलं नाही. थांबून त्यानं मागं वळून पाहिलं, दिवा सरळ संघपालच्या डोळ्यांवर आला, आणि संघपालनं मान हलवली. छताचा जो तुकडा पडला तो नंतर मोजला गेला: साडेतीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, चाळीस सेंटीमीटर जाड. वेळ सहा एकवीस. तुकडा उचलून लहानूला काढायला पावणेदोन तास लागले. वर आणलं तेव्हा हजेरीच्या खोलीत पेढ्यांचा पुडा तसाच होता. पाण्याच्या टाकीपाशी डोमानं संघपालच्या दंडाला धरून बाजूला नेलं. "सरदार, आयक. तू ठोकून राह्यला होता. थो पुढं घुसला. आमी अकराच्या अकरा जनानं पाह्यलं." संघपाल काही बोलला नाही. "हेच म्हणतो. काई बोलू नको. फोनवर बसलो होतो हे निघालं तर तुझं सर्टिफिकेट जाईन, प्रफुलची नोकरी जाईन, आमची जाईन. अन् लहान्या काई वापस येणार नाई." चौकशीच्या कागदावर मग आलं ते असं: सरदाराची तपासणी पूर्ण होऊन इशारा मिळण्यापूर्वीच मयत कामगार टेकूंच्या शेवटच्या रांगेपलीकडे गेला. एका वाक्यात सगळं बसलं होतं. भिंतीवरचा खडू कोणी पुसला नव्हता. ती गल्लीच पुढं बंद केली, विटांची भिंत घालून. खडू आत आहे.

आठ महिन्यांनी कुंताला लहानूच्या जागी नोकरी मिळाली, दिव्यांच्या खोलीत. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या नंबरचा दिवा चार्ज करून, काच पुसून खिडकीतून द्यायचा, वर आला की परत घ्यायचा. संघपालचा नंबर सत्तेचाळीस. पहिल्या दिवशी तिनं दिवा पुढं केला तेव्हा त्याचे हात पुढं यायला उशीर झाला, ती म्हणाली, "घ्या भाऊ, गरम नाई." त्यानंतर रोज. ती आठवीपर्यंत शिकलेली. रुजू होताना मिळालेल्या फायलीत चौकशीचा कागद होता, तो ती दुपारी खिडकीशी कोणी नसलेल्या वेळेला एकेक शब्द लावत वाचत असे, हे त्याला प्रफुलनं सांगितलं. जुलैत एकदा, रांगेत तो एकटाच असताना, तिनं दिवा हातात धरून ठेवला. "भाऊ, एक इचारू? तुमी ठोकलं तवा आवाज कसा आला होता?" तो म्हणाला, चांगला होता. खणखणीत होता. बोलून झाल्यावर त्याला कळलं. "पन कागदावर तं हाय का तुमचं ठोकनं व्हाच्या आधीच थे गेले," कुंता म्हणाली. रागानं नाही, हिशेबातली चूक सापडल्यासारखंही नाही. आपलंच वाचण्यात काही चुकलं असेल अशा सुरात. ती पुढं बोलत राहिली, त्याच्याकडे न बघता, काच पुसत. "आमच्या गावी गाळाच्या तळ्यात उतरतेत ना, तवा पुढचा मानूस बांबू टोचत जाते. जमीन लागली का म्हणते, हाय. मंग मागचे. आमच्या मालकाचा मोठा भाऊ एक डाव बांबू न टोचता गेला अन् गाळात रुतला. यायच्या समोर. तवापासून हे कधीच पुढं नाई होत, भाऊ. तळ्यात नाई, रस्त्यानं नाई, लग्नाच्या पंगतीत नाई. मीच चिडवो याईले. मंग त्या दिवशी हाय म्हणल्याबिगर कसे गेले असतीन?" मागून माणसं आली. तिनं दिवा दिला. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. आणि एका माणसाला तिनं बायको म्हणून बारा वर्षं ओळखलं होतं, त्या ओळखीवर एका टाइप केलेल्या ओळीनं काट मारली होती. ती ओळ खरी की तो माणूस खरा, हे ती रोज काच पुसताना मनात लावून बघत असणार. संघपालला ते तिच्या बोटांवरून दिसायचं.

त्याहून वाईट गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. त्या दिवसानंतर त्याचा कान गेला होता. बहिरेपण नव्हे, तपासणीत कान उत्तम निघाला, कुजबुज ऐकू येत होती. पण छत ठोकलं की सगळं एकसारखं वाजायचं. टण आणि ढब यांतला फरक नाहीसा झाला होता, आणि पंजाला काहीच पोचत नव्हतं. एक वर्ष तो नजरेनं काम करत होता. भेग दिसते का बघायचा, पाणी झिरपतं का बघायचा, संशय नसला तरी चार टेकू जास्त लावायला सांगायचा. वरचे म्हणायचे, सरदार, एवढं लाकूड कुठून आणायचं? आणि रोज, पाळीच्या आधी, तो बारा माणसांपुढं उभा राहून म्हणायचा, जाऊ द्या. ते जायचे. मग आठ तास तो ऐकत बसायचा, आतून काही आवाज येतो का. आला नाही की ते त्याच्या कौशल्यावर जमा व्हायचं. लहानूच्या जागी निकेश आला होता, तिशीचा, दोन मुलींचा बाप, उत्साही. तो नेहमी सगळ्यांत पुढं.

दुपारी कंपनीची बस सुटताना सत्यशीला दारात आली, एवढं म्हणाली, "बरं नसन तर जाऊ नका." तो गेला. हजेरीच्या खोलीत टीव्हीवर मागच्या वर्षीचं उतरणं पुन्हा दाखवत होते. प्रफुलनं त्याला पाहिलं आणि आवाज बंद केला. पडद्यावर माणसं मुक्यानं टाळ्या वाजवत होती. खिडकीत कुंता होती. "सुटी नाई घेतली?" त्यानं विचारलं. "घरी बसून काय करू भाऊ?" तिनं सत्तेचाळीस पुढं केला. काच इतकी स्वच्छ होती की त्यात त्याला स्वतःचं नाक दिसलं. माणसं खाली नेणारी डोली सुटली. दोराच्या आवाजावर त्यानं मनात मीटर मोजले, शंभर, दीडशे. दीडशेला कोणी थांबवलं नाही. खाली उतरून तो एकटा चालत गेला, अर्धा तास, एकोणीस नंबरच्या गल्लीपर्यंत. कोळशाचा ओला वास, पायाखाली चिखल, लांबवर पंपाचा ठोका. नव्या छताखाली उभा राहून त्यानं डावा पंजा वर टेकवला. दगड गार होता. ठोकलं. डोळे मिटले, वरोऱ्याचा बाजार आठवला, माठांची रांग, जंगूमामांच्या बिडीचा वास, आणि पुन्हा ठोकलं. प्रत्येक ठोक्यामागून तोच आवाज येत होता, पत्र्यावरच्या पावसासारखा. छतात टाळ्या भरल्या होत्या. त्यानं जागा बदलली. एक पाऊल पुढं, टेकूंच्या रांगेपलीकडे, एकटाच, आणि जोरात ठोकलं, जितकं जोरात तितकं बरं, पडायचं असेल तर आत्ता पडू दे. काही पडलं नाही. छत धड असेल. नसेल. त्यानं खडू काढून भिंतीवर २३ लिहिलं, तिरपी रेघ मारली, आणि आठाचं वरचं टोक काढून झाल्यावर हात थांबला. अर्धा आठ तसाच ठेवून तो मागं आला.

थांब्यावर बारा जण होते. निकेश त्याला पाहताच उभा राहिला, हातमोजे घालू लागला. डोमानं तंबाखू थुंकली. "हं सरदार, म्हणा. बसून बसून मुंग्या आल्या." संघपाल म्हणाला, "नाई." "काय नाई? छत खराब हाय?" "मले मालूम नाई." कोणीतरी हसलं. "कानात मैल भरला असन," निकेश म्हणाला. "मले ऐकू येत नाई. एक सालापासून. मी तुमाले रोज असंच पाठवून राह्यलो." आता कोणी हसलं नाही. डोमा बाकावरून उठला. त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, कारण संघपाल बोलता बोलता फोनकडे वळला होता. "सरदार. थांब. वर जाऊन बोलू. दोघं बोलू." संघपालनं हँडल फिरवलं. "सरदार, माह्या रिटायरला सात महिने राह्यले," डोमा म्हणाला, आणि मग हळू, हात जोडल्यासारखं, "संघपाल." वरून प्रफुलचा आवाज आला. "कुंताबाईले दे," संघपाल म्हणाला. "काऊन? काय झालं खाली?" "दे." रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज, पावलं, दाराची कडी. तेवढ्या वेळात डोमाला फोनची तार तोडता आली असती. तो दोन हातांवर होता. त्यानं तोडली नाही. तो खाली बसला आणि त्यानं डोक्यावरचा दिवा काढून मांडीवर ठेवला.

"हॅलो," कुंता म्हणाली. तिला फोनची सवय नव्हती, ती ओरडून बोलली. "भाऊ, दिवा बंद पडला का?"

"नाई बाई. दिवा चांगला हाय. तुमी इचारलं होतं, आवाज कसा होता."

त्यानं रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

"मी ठोकलंच नाई. या फोनवर चंद्राचं ऐकत होतो, सगळेच ऐकत होतो. मले टाळ्या ऐकू आल्या. छत नाई ऐकलं."

मग तिनं विचारलं, आता ओरडून नाही, "मंग हे पुढं कसे गेले?"

"मी म्हणलो, जा. थो थांबला होता, बाई. शेवटच्या टेकूपाशी थांबला होता. मागं पाह्यलं त्यानं. मी मान हलवली, मंग गेला."

फोनमध्ये काही नव्हतं. खरखर होती, उघड्या दारापलीकडून दिवे चार्ज होतात त्या रॅकची गुणगुण होती. श्वास होता की नव्हता, त्याला ठरवता येईना. थांब्यावरचे बाराजण त्याच्याकडे पाहत होते, कोणी हलत नव्हतं. ड्रममध्ये थेंब पडला. तिनं रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला नव्हता, म्हणून त्यानंही ठेवला नाही. दुसरा कान हातानं बंद करून, डोळे मिटून, तो ऐकत उभा राहिला.